सीमास्तर बिघडतो कसा? पृष्ठभागाजवळच्या प्रवाहाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीमास्तराचा धडा आला की वर्गातून दरवर्षी जवळपास तेच प्रश्न येतात. ते प्रश्न चांगले असतात, आणि पाठ्यपुस्तकात त्यांची उत्तरं एका वाक्यात उरकलेली असतात. म्हणून ती इथे सविस्तर लिहिली आहेत. द्रव आणि वायू या दोघांसाठी मराठीत ‘द्रायू’ हा सुरेख शब्द आहे, तो मी वापरणार आहे. लॅमिनार (थराथरांनी शांत वाहणारा) आणि टर्ब्युलंट (भोवऱ्यांनी खवळलेला) हे शब्द मात्र तसेच ठेवले आहेत, कारण वर्गात, वर्कशॉपमध्ये आणि तोंडी परीक्षेत सगळे तेच बोलतात.

हवा पृष्ठभागावरून घसरत जाते ना? मग ती ‘चिकटते’ असं का म्हणतात?

दिवाळीच्या साफसफाईत छताचा पंखा पुसायला स्टुलावर चढलात की नीट पाहा. १२०० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला ३५० फेरे घेत असेल, तर पात्याचं टोक ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने हवा कापत असतं. तरीही पात्यावर धुळीचा मऊ थर बसलेला असतो, आणि पुढच्या कडेला तर तो चांगला जाड असतो. ताशी ८० किलोमीटरचा वारा ही धूळ उडवून का लावत नाही?

कारण पात्याला अगदी लागून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते. पृष्ठभागाच्या तुलनेत तिचा वेग शून्य असतो. त्यावरचा थर जरा सरकतो, त्याच्या वरचा आणखी थोडा, आणि असं करत काही अंतरावर हवेला तिचा पूर्ण वेग मिळतो. शून्यापासून पूर्ण वेगापर्यंतचा हा पट्टा म्हणजे सीमास्तर. बारीक धूळ त्याच्या अगदी तळाशी, जवळजवळ स्थिर हवेत बसलेली असते.

हा थर असतो तरी किती जाड?

पंख्याच्या पात्यावर, प्रवाह लॅमिनार धरला तर, मागच्या कडेशी जेमतेम दीड मिलिमीटर. सपाट पत्र्यावरून सेकंदाला २० मीटर वेगाने हवा जात असेल, तर पुढच्या कडेपासून एक मीटरवर सुमारे सव्वाचार मिलिमीटर. मोठ्या मालवाहू जहाजाच्या मागच्या टोकाशी तो टर्ब्युलंट असतो आणि जवळपास मीटरभर जाड होतो.

लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत ही कल्पना मांडली. श्यानता, म्हणजे द्रायूचा चिकटपणा, या पातळ पट्टीतच महत्त्वाची असते आणि बाहेर ती विसरली तरी चालते, असं त्यांनी दाखवलं. तोवर गणितातल्या आदर्श द्रायूत कुठल्याही वस्तूला विरोध होतच नव्हता आणि प्रत्यक्षात तर होत होता. हा गुंता त्या पट्टीने सोडवला. १९०८ मध्ये त्यांचेच विद्यार्थी ब्लासियस यांनी सपाट पत्र्यावरच्या लॅमिनार सीमास्तराचं गणित पूर्ण केलं, आणि आजही पहिलं उदाहरण म्हणून आपण तेच सोडवतो.

लॅमिनार आणि टर्ब्युलंट यांत नेमका फरक काय?

लॅमिनार सीमास्तरात थर एकमेकांवरून सरकतात आणि वरखाली मिसळत नाहीत. वेगाची देवाणघेवाण फक्त रेणूंच्या धक्काबुक्कीने होते, आणि ती मंद असते. टर्ब्युलंट सीमास्तरात लहानमोठे भोवरे वरची वेगवान हवा खाली आणतात आणि खालची संथ हवा वर फेकतात. त्यामुळे भिंतीजवळ, म्हणजे पृष्ठभागाजवळ, वेग एकदम चढतो आणि घर्षण वाढतं.

किती वाढतं, ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. रेनॉल्ड्स अंक (वेग, लांबी आणि श्यानता यांवरून काढलेला आकडा, खाली समजावला आहे) १० लाख असताना टर्ब्युलंट पत्र्यावरचं घर्षण लॅमिनारच्या सुमारे साडेतीन पट असतं, आणि १ कोटीला सात पट. समुद्रसपाटीपासून १०–११ किलोमीटर उंचीवर सरळ उडणाऱ्या प्रवासी विमानाच्या एकूण विरोधातला सुमारे निम्मा वाटा या घर्षणाचा असतो. लॅमिनार प्रवाह टिकवण्यासाठी शंभर वर्षं माणसं का झटत आली आहेत, ते यावरून कळेल.

रेनॉल्ड्स अंक ५ लाख झाला की प्रवाह टर्ब्युलंट होतो. बरोबर ना?

पेपरात लिहायला बरोबर. मात्र निसर्गात असं बटण नाही, आणि या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

रेनॉल्ड्स अंक म्हणजे जडत्व श्यानतेच्या तुलनेत किती वरचढ आहे त्याचं माप. वेग गुणिले लांबी, भागिले श्यानता. हा अंक एवढंच सांगतो की आत शिरलेला क्षोभ, म्हणजे प्रवाहातली छोटी गडबड, विझेल की वाढायला वाव मिळेल. क्षोभ आत शिरला का, केवढा शिरला आणि कुठल्या वारंवारतेचा होता, याविषयी तो काहीच सांगत नाही. प्रवाह प्रत्यक्षात कुठे बिघडेल, म्हणजे लॅमिनारचा टर्ब्युलंट होईल, हे या दुसऱ्या गोष्टीवर ठरतं.

नळीचं उदाहरण घ्या. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीत पाण्याबरोबर रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी असताना धार नळीच्या टोकापर्यंत सुतासारखी सरळ जात होती. वेग वाढवला की कुठेतरी ती थरथरायची आणि मग सगळ्या पाण्यात रंग पसरायचा. नळीतला प्रवाह बिघडतो तो रेनॉल्ड्स अंक म्हणून पुस्तकात आपण २,३०० हा आकडा पाठ करतो. रेनॉल्ड्सनी टाकीतलं पाणी पूर्ण शांत होऊ दिलं, नळीचं तोंड घंटेसारखं पसरट ठेवलं, आणि १२–१३ हजारांपर्यंत धार सरळ राखली. पुढे त्याच उपकरणावर ते पुन्हा करून पाहिलं तेव्हा रस्त्यावरच्या रहदारीच्या कंपनांमुळे तेवढा आकडा गाठता आला नाही. उलट १९६१ मध्ये अतिशय काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगात नळीतला प्रवाह १ लाखापर्यंत लॅमिनार राहिला.

नळीतल्या प्रवाहाची तऱ्हाच निराळी आहे. आजवरच्या गणितानुसार तिथे अगदी छोटा क्षोभ कितीही वेगाला आपणहून वाढत नाही, पुरेसा मोठा धक्का लागतोच. असा धक्का मिळाल्यावर तयार होणारे टर्ब्युलंट ठिपके टिकून पसरू लागतात तो आकडा सुमारे २,०४०. तो २०११ मध्ये, म्हणजे रेनॉल्ड्सच्या प्रयोगानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, पक्का झाला.

आता सपाट पत्रा. इथे छोट्या लाटा वाढायला सुरुवात होते ती पुढच्या कडेपासून मोजलेला रेनॉल्ड्स अंक सुमारे ९१ हजार झाल्यावर. वाऱ्याच्या शांत बोगद्यात (आतून हवा वाहवून प्रयोग करतात त्या नळकांड्यात) प्रवाह प्रत्यक्ष बिघडतो तो २८ लाखांच्या आसपास. ५ लाख हा या दोहोंमधला, बऱ्याच कामांना चालून जाणारा आकडा आहे. गडबडीच्या हवेत बिघाड त्याच्याही अलीकडे होतो.

मग बिघाडाची सुरुवात कुठून होते?

बाहेरून. पंख्याचा आवाज, इंजिनाची कंपनं, येणाऱ्या हवेतलेच बारीक भोवरे, पत्र्याच्या कडेवरचा खरबरीतपणा. यांतलं काही ना काही सीमास्तरात शिरतं. बहुतेक क्षोभ विझून जातात. काही ठरावीक वारंवारतेच्या लाटा मात्र सीमास्तराला मानवतात आणि त्या पुढे जाता जाता वाढतात.

गोटिंगेनला टोलमीन यांनी १९२९ मध्ये आणि श्लिश्टिंग यांनी १९३३ मध्ये या लाटा कागदावर शोधल्या. म्हणून त्यांना टोलमीन–श्लिश्टिंग लाटा म्हणतात. त्या मुख्य प्रवाहाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या वेगाने पुढे सरकतात आणि त्यांची लांबी सीमास्तराच्या जाडीच्या कितीतरी पट असते. मात्र दहा-बारा वर्षं या लाटा कुणालाच दिसल्या नाहीत, त्यामुळे अनेक नामांकित संशोधकांना तो नुसता गणिताचा खेळ वाटत होता.

त्या दिसल्या वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय मानक संस्थेत, शूबॉअर आणि स्क्रॅमस्टॅड यांना, १९४० च्या सुमारास. त्यांनी वेगळं काय केलं? त्यांचा वाऱ्याचा बोगदा फार शांत होता. जाळ्यांवर जाळ्या लावून हवेतली खळबळ त्यांनी मुख्य वेगाच्या ०.०३ टक्क्यांच्या आसपास आणली होती. मग हवेच्या वेगातले बारीक बदल टिपणाऱ्या तप्त तारेच्या संवेदकावर एकदम नियमित, साइन वक्रासारखे चढउतार उमटले. त्याआधीच्या बोगद्यांत एवढी गडबड असायची की लाटा त्यात बुडून जात.

पुढे त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. पत्र्याला जवळजवळ टेकलेली धातूची पातळ फीत ताणून बसवली आणि विद्युतचुंबकाने ती हव्या त्या वारंवारतेने कंपित केली. म्हणजे लाट आपसूक येण्याची वाट न पाहता स्वतः पाठवली. कुठली वारंवारता वाढते आणि कुठली विझते, याची मोजणी टोलमीन आणि श्लिश्टिंग यांच्या आकड्यांशी जुळली. महायुद्धामुळे हा अहवाल आधी गुप्त राहिला आणि युद्ध संपल्यावर जगापुढे आला. मला हा प्रयोग या विषयातला सगळ्यात सुंदर वाटतो. ज्या गोष्टीने प्रवाह बिघडतो तीच गोष्ट चिमटीत धरावी तशी त्यांनी ताब्यात घेतली.

श्यानता तर हालचाल विझवते. मग तिच्यामुळे लाट वाढते हे कसं?

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि या कोड्याने मोठमोठ्यांना अडवलं होतं. १८८० मध्ये लॉर्ड रॅली यांनी दाखवलं, की श्यानता नसलेल्या प्रवाहात लाट वाढायची असेल तर वेगाच्या वक्राला मध्ये कुठेतरी वळणबिंदू हवा, म्हणजे वक्राचा बाक उलटा व्हायला हवा. ब्लासियसच्या वक्रात असा बिंदू नाही. म्हणजे श्यानता विसरली तर सपाट पत्र्यावरचा प्रवाह स्थिरच राहायला हवा!

झोक्याचा विचार करा. झोक्यावरच्या मुलाला धक्का चुकीच्या वेळी दिला तर झोका थांबतो, योग्य वेळी दिला तर उंच जातो. ताकद तीच, फक्त वेळ वेगळी. लाटेत हवा पुढेमागे हलते आणि वरखालीही हलते. या दोन हालचालींचा ताल असा असेल की त्यांचा एकमेकींशी सरासरी संबंध शून्य येतो, तर लाटेला मुख्य प्रवाहातून ऊर्जा मिळत नाही. भिंतीजवळच्या पातळ थरात श्यानता हा ताल किंचित पुढेमागे करते. तेवढ्या फरकाने संथ हवा नेमकी बाहेर जाताना आणि वेगवान हवा नेमकी आत येताना सापडते, आणि लाट मुख्य प्रवाहाची ऊर्जा ओढू लागते. श्यानता एका हाताने विझवते आणि दुसऱ्या हाताने झोका देते. ठरावीक वारंवारता आणि ठरावीक रेनॉल्ड्स अंक यांच्या पट्ट्यात दुसरा हात जिंकतो.

याच गणिताशी तरुण वर्नर हायझेनबर्गही झुंजले होते. पुंजयामिकीत नाव कमावण्याआधी १९२३ मध्ये म्युनिकला त्यांनी केलेला डॉक्टरेटचा प्रबंध प्रवाहाच्या स्थैर्यावर होता. त्यांचं उत्तर बरोबर होतं, तरी त्यावरचा वाद मिटायला वीसेक वर्षं लागली.

लाट उठली की लगेच टर्ब्युलन्स?

नाही, मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. आधी लाट सपाट असते, पत्र्याच्या रुंदीभर सारखी. तिची उंची मुख्य वेगाच्या एखाद्या टक्क्याला पोचली की ती रुंदीच्या दिशेने वाकडीतिकडी होते, कुठे शिखर, कुठे दरी. शिखराच्या जागी भोवऱ्याची दोरी वर उचलली जाते आणि ताणून लांब होते. धुरात ती अगदी केसांत खोचायच्या आकड्यासारखी दिसते: दोन पाय भिंतीजवळ, डोकं वर आणि पुढे. या आकड्यांजवळ वेगाच्या वक्रात रॅली यांनी सांगितलेला वळणबिंदू तयार होतो, आणि मग सगळं फार झपाट्याने मोडतं. लाट वाढायला लांब अंतर लागतं, मोडायला अगदी थोडं.

मोडल्यावरही पत्र्यावर सगळीकडे एकदम टर्ब्युलन्स पसरत नाही. १९५१ मध्ये हार्वर्डला एमन्स यांनी टेबलावरून वाहणाऱ्या पाण्याच्या पातळ थरात पाहिलं, की इथेतिथे खळबळीचे ठिपके उमटतात आणि वाहत जाता जाता मोठे होतात. ठिपक्याची पुढची कड मुख्य वेगाच्या सुमारे ९० टक्के वेगाने पळते आणि मागची साधारण ५० टक्के वेगाने, त्यामुळे ठिपका लांबत जातो. शेवटी ठिपके एकमेकांत मिसळतात आणि पूर्ण टर्ब्युलंट सीमास्तर तयार होतो. मधल्या पट्ट्यात तुम्ही तप्त तार धरलीत तर कधी शांत, कधी खवळलेला, असा आलटून-पालटून संकेत मिळतो.

या विषयात भारतात काही काम झालं आहे का?

पायाभूत काम झालं आहे. तो मधला पट्टा आकड्यांत कसा बसवायचा, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सतीश धवन आणि रोद्दम नरसिंह यांनी दाखवलं. एखाद्या जागी प्रवाह किती टक्के वेळ टर्ब्युलंट असतो, हे त्या जागेनुसार कसं वाढतं याचं त्यांनी दिलेलं सूत्र १९५८ मध्ये प्रसिद्ध झालं. नरसिंह यांनी मांडलं, की ठिपके वाटेल तिथे जन्मत नाहीत, एका अरुंद पट्ट्यात जन्मतात. ते मोजमापांशी इतकं छान जुळलं की टर्बाइनच्या पात्यांचं गणित करणारे आजही ते वापरतात. धवन म्हणजे पुढे १९७२ ते १९८४ या काळात इस्रोची धुरा वाहणारे तेच. अवकाश कार्यक्रमामुळे त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. सीमास्तरावरचं त्यांचं काम मात्र विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितलं जातं, याची मला खंत वाटते.

प्रत्येक वेळी आधी लाटाच येतात का?

नाही. येणाऱ्या हवेतली खळबळ मुख्य वेगाच्या एक टक्क्याच्या वर गेली की लाटांची संथ वाट बाजूला पडते. सीमास्तरात प्रवाहाच्या दिशेने लांबच लांब पट्टे पडतात, एक वेगवान, शेजारचा संथ, आणि ते थरथरून थेट ठिपके जन्माला घालतात. याला वळसामार्ग म्हणता येईल. जेट इंजिनातल्या टर्बाइनची पाती पुढच्या पात्यांनी घुसळलेल्या हवेत काम करतात, तिथे बहुतेक वेळा हेच घडतं.

दाबाचा काय संबंध?

फार मोठा. प्रवाहाच्या दिशेने दाब कमी होत असेल तर सीमास्तराला पुढे ढकललं जातं, वेगाचा वक्र भरदार राहतो आणि क्षोभ विझतात. दाब वाढत असेल तर भिंतीजवळची आधीच दमलेली हवा आणखी संथ होते, वक्रात वळणबिंदू येतो आणि बिघाड झपाट्याने होतो. म्हणून लॅमिनार पंखांचा सर्वांत जाड भाग मागे सरकवलेला असतो, म्हणजे दाब जास्तीत जास्त लांबीपर्यंत उतरत राहतो.

भिंतीतल्या बारीक छिद्रांतून थोडी हवा शोषून घेतली तरी सीमास्तर शांत राहतो. तापमानाचा परिणाम मात्र हवेत आणि पाण्यात उलटा होतो. हवेत भिंत थंड केल्याने प्रवाह स्थिर होतो, पाण्यात ती गरम केल्याने. कारण गरम झाल्यावर हवा जास्त चिकट होते आणि पाणी कमी.

पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा? एखादा किडा चिकटला तर खरंच फरक पडतो?

पडतो. पंखाच्या पुढच्या कडेला सीमास्तर अजून मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. तिथे चिरडलेला चिलटाएवढा किडासुद्धा त्याच्या मानाने डोंगर ठरतो. त्याच्या मागे पाचरीच्या आकाराचा टर्ब्युलंट पट्टा उमटतो आणि पुढे रुंद होत जातो. अशा पंधरा-वीस पाचरी झाल्या की लॅमिनार पंखाचा बराचसा फायदा गेला. ग्लायडर उडवणारे पंखाच्या कडेवरून सरकणारं पुसणं बसवतात आणि उडता उडता किडे पुसून काढतात. नासाने २०१५ मध्ये अमेरिकेतल्या श्रेव्हपोर्टला बोइंग ७५७ वर किडे न चिकटणाऱ्या लेपांची चाचणी घेतली. जागा मुद्दाम किडे भरपूर असलेली निवडली होती.

प्रवासी विमानांचे पंख मागे झुकलेले असतात, त्यामुळे आणखी एक अडचण येते. तिथे सीमास्तरात प्रवाहाला आडवा जाणारा एक छोटा प्रवाह तयार होतो. त्याच्या वक्रात वळणबिंदू असतोच, आणि बिघाड पुढच्या कडेजवळच होतो.

टर्ब्युलंट प्रवाह नेहमी वाईटच का?

मुळीच नाही. गोलावरून जाणारा लॅमिनार सीमास्तर दुबळा असतो. मागच्या बाजूला दाब चढू लागला की तो लगेच पृष्ठभागापासून सुटतो आणि गोलामागे मोठी पोकळ खळबळ राहते. टर्ब्युलंट सीमास्तराच्या तळाशी वेगवान हवा असते, म्हणून तो जास्त वेळ चिकटून राहतो, मागची खळबळ अरुंद होते आणि एकूण विरोध घटतो. टॉवरवाले गुस्ताव्ह आयफेल यांनी १९१२ मध्ये पॅरिसला मोजलेला गोलाचा विरोध प्रांटल यांच्या गोटिंगेनच्या प्रयोगशाळेतल्या आकड्यांपेक्षा फारच कमी निघाला आणि दोन्हीकडे गोंधळ उडाला. १९१४ मध्ये प्रांटल यांनी गोलाच्या पुढच्या भागावर तारेचं बारीक कडं बसवून सीमास्तर मुद्दाम बिघडवला, आणि कमी वेगालाही विरोध घसरला. गोल्फच्या चेंडूवरचे खळगे हेच काम करतात.

क्रिकेटचा चेंडू स्विंग होतो तो यामुळेच?

हो, आणि हे मैदानावर उघड्या डोळ्यांनी दिसतं. ताशी १०८ किलोमीटर वेगाने टाकलेल्या चेंडूचा रेनॉल्ड्स अंक दीड लाखाच्या थोडा आत असतो. म्हणजे तो अशा काठावर असतो की साधी शिवणसुद्धा निर्णायक ठरते. गोलंदाज शिवण साधारण २० अंश तिरकी ठेवतो. शिवणीच्या बाजूचा सीमास्तर शिवणीला अडखळून टर्ब्युलंट होतो आणि उशिरा सुटतो. दुसऱ्या, चकचकीत बाजूचा लॅमिनारच राहतो आणि लवकर सुटतो. चेंडूमागची खळबळ एका बाजूला वळते आणि चेंडू शिवणीच्या रोखाने सरकतो. चकाकी राखायला खेळाडू चेंडू पँटला घासत बसतात, त्यामागे लॅमिनार बाजू लॅमिनारच ठेवण्याचा हिशोब आहे.

रिव्हर्स स्विंगमध्ये काय होतं? नव्या चेंडूचा वेग ताशी १४० किलोमीटरच्या बराच वर गेला, की दोन्ही बाजूंचे सीमास्तर शिवणीपर्यंत पोचण्याआधीच टर्ब्युलंट होतात. आता शिवण मदत करत नाही. ती त्या बाजूचा टर्ब्युलंट थर आणखी जाड आणि दुबळा करते. तो आधी सुटतो आणि चेंडू उलटीकडे जातो. चेंडू जुना होऊन एक बाजू खरबरीत झाली की हाच प्रकार कमी वेगालाही साधतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने जुन्या चेंडूवर हे हत्यार कसं वापरलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

आणि ‘ढगाळ दमट हवेत चेंडू जास्त स्विंग होतो’ याचं काय? बोगद्यातल्या प्रयोगांत दमटपणाचा थेट परिणाम स्पष्टपणे सापडलेला नाही. दमट हवा जड असते हे तर चूकच. ती कोरड्या हवेपेक्षा हलकी असते.

बिघाड लवकर झाल्याने कुणाच्या जिवावर बेतू शकतं का?

वातावरणात परतणाऱ्या यानावर बेतू शकतं. टर्ब्युलंट सीमास्तर जसा वेग खाली आणतो तशी उष्णताही आणतो, आणि पोटाखालच्या उष्णतारोधक फरशांचं तापमान झपाट्याने चढतं. कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी ज्यात गेले त्या कोलंबिया यानाच्या दुर्घटनेचं कारण वेगळं होतं, पंखाच्या कडेला पडलेलं भोक. त्या दुर्घटनेनंतरच्या पहिल्याच उड्डाणात, २००५ मध्ये, डिस्कव्हरी यानाच्या पोटाखाली फरशांच्या फटींतून भरावाच्या दोन पट्ट्या बाहेर आलेल्या दिसल्या. बाहेर आलेला भाग फक्त दोनेक सेंटिमीटरचा होता. त्यामुळे सीमास्तर वेळेआधी बिघडेल आणि उष्णता वाढेल, ही भीती होती. स्टीव्हन रॉबिन्सन हे अंतराळवीर यांत्रिक बाहूच्या टोकावर उभे राहून यानाच्या पोटाखाली गेले आणि दोन्ही पट्ट्या हाताने ओढून काढल्या.

उदबत्तीचा धूर आधी सरळ आणि मग गुंडाळतो, तेही हेच का?

नातं जवळचं आहे, पण तिथे भिंत नाही. धुराच्या धारेच्या वेगाच्या वक्रात वळणबिंदू दोन्ही बाजूंना असतोच, म्हणून ती फार लवकर आणि फार सहज मोडते. खिडकी बंद करून पाहा, सरळ भाग लांबतो.

एकदा टर्ब्युलंट झालेला प्रवाह पुन्हा लॅमिनार होतो का?

होतो, जोराने वेग वाढवला तर. निमुळत्या नळीच्या तोंडात तसं घडू शकतं. नरसिंह आणि श्रीनिवासन यांचं १९७३ मधलं काम यावरच आहे.

संगणकावर आधीच नेमकी जागा सांगता येत नाही का?

पूर्ण समीकरणं सोडवून लाटेपासून ठिपक्यापर्यंत सगळं पाहता येतं, पण अख्ख्या विमानासाठी ते परवडत नाही. कारखान्यात अजूनही १९५६ ची पद्धत चालते: लाट सुरुवातीच्या किती पट वाढली ते मोजायचं आणि वाढ ‘ई’च्या (सुमारे २.७१८ या गणिती स्थिरांकाच्या) नवव्या घाताला, म्हणजे सुमारे ८,१०० पटीला पोचली की बिघाड झाला असं धरायचं. पद्धत उपयोगी आहे. मात्र ती फक्त वाढ मोजते. लाट सुरुवातीला केवढी होती हे तिला ठाऊक नसतं, म्हणून गडबडीच्या बोगद्यात नऊच्या जागी लहान आकडा घ्यावा लागतो.

आमच्या लॅबमध्ये रेनॉल्ड्सच्या प्रयोगात प्रत्येक बॅचला वेगळा आकडा येतो. जर्नलमध्ये काय लिहायचं?

आला तो आकडा लिहा. २,३०० येण्यासाठी रीडिंग ‘जुळवू’ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पोटॅशियम परमँगनेटची ती जांभळी धार नीट बघा. शेजारच्या टेबलावरचा पंप सुरू झाला की ती थरथरते, कुणी दार आपटलं की तिच्यात एक गाठ उमटते आणि वाहून जाते. मी एका बॅचला सकाळी येऊन टाकी भरायला सांगितलं आणि तासभर कुणालाही टेबलाला हात लावू दिला नाही. त्या दिवशी धार ४ हजारांच्या पुढेही सरळ राहिली. दुपारच्या बॅचने भरत्या टाकीवर प्रयोग केला, त्यांची २,१०० लाच विस्कटली. दोन्ही आकडे खरे आहेत. तेव्हा रीडिंगच्या शेजारी एक रकाना वाढवा आणि त्यात लिहा: टाकी भरून किती वेळ झाला होता, पंप चालू होता की बंद, आणि झडप हळू उघडली की झटक्याने.